गरजेच्या क्रमाने लावलेली यादी

त्या दोन वर्षांत तुळजापुरात सगळ्याचे भाव चढले. ज्वारी, गोडंतेल, रॉकेल, मांजरपाट. उतरले ते फक्त दोन गोष्टींचे: पत्रावळ्या टाचण्याच्या मजुरीचे आणि घरांचे. या दोन्ही गोष्टी ज्यांच्याकडे विकायला होत्या ती माणसं एकच होती, आमच्या गल्लीतल्या बाया. या उतरणीत माझा हात किती होता, ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. इथे क्रमाने सांगते.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका. विलीनीकरणानंतर मराठवाड्यात मुलींच्या मराठी शाळा उघडल्या तेव्हा शिकवायला बाई मिळत नव्हती, म्हणून सोलापूरकडून आम्ही काही जणी आलो. त्यातली मी एक. पुढे इथेच लग्न झालं. यजमान तहसील कचेरीत कारकून. बसस्टँडकडून देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या मागच्या गल्लीत आम्ही दोन खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. गल्लीत सोळा घरं, सगळी माळवदाची, बहुतेक स्वतःची. पुरुषांपैकी निम्मे सोलापूरच्या गिरण्यांत, बाकीचे हमालीत, नाहीतर पुजाऱ्यांच्या घरी स्वयंपाकाच्या कामाला. शेत कुणालाच नव्हतं. बाया घरी पत्रावळ्या टाचत.

पळसाची पानं डोंगरातून भाऱ्यांनी येत. आदल्या दिवशी पाणी शिंपडून ती गोणपाटाखाली ठेवायची, म्हणजे टाचताना फाटत नाहीत. मधे एक मोठं पान, भोवती पाच-सहा, आणि बारीक काड्यांचे टाके. चांगल्या हाताची बाई दिवसाला दीडशे टाचते. शंभरांचा गठ्ठा सुतळीने बांधून व्यापाऱ्याकडे द्यायचा. पानं त्याची, काड्या त्याच्या, बोटं बाईची. यात्रेकरू पुजाऱ्यांच्या घरी उतरत, त्यांचं कुळाचाराचं जेवण तिथेच होई, आणि पंगत म्हटली की पत्रावळ आली. शिवाय लग्नसराईत सोलापूरला बसच्या टपावरून गठ्ठेच्या गठ्ठे जात. मजुरी शेकड्याला आठ आणे. नवे पैसे येऊन काही वर्षं झाली होती, पण बाया आण्यातच बोलत.

मग पाऊस गेला. पहिल्या वर्षी अर्धा, दुसऱ्या वर्षी पुरताच. आमच्या गल्लीला वाटलं, आपल्याला काय त्याचं, आपल्याला कुठे पेरायचंय? पण देवीला येणारा माणूस एक तर शेतकरी असतो नाहीतर गिरणीतला कामगार. शेतकरी यायचा थांबला. सोलापूरला गिरण्यांच्या पाळ्या बंद पडल्या, तो कामगारही थांबला. ज्या पुजाऱ्याकडे मंगळवारी पन्नास पानं उठत तिथे दहा उठेनात. मजुरी आठ आण्यांवरून सहावर आली. गिरणीतून घरी बसलेले पुरुष दुपारभर ओसरीत पडून राहू लागले, आणि बाया त्यांच्या पायांवरून ओलांडून पानं घेऊन जाऊ लागल्या.

घरं निघाली ती त्याच सुमारास. कोपऱ्यावरचं दोन खणांचं घर विकून एक कुटुंब पुण्याला गेलं. त्यांना बावीसशे आले. चार महिन्यांनी तसंच दुसरं घर चौदाशेला गेलं. तिसऱ्याला गिऱ्हाईकच आलं नाही, ते कुलूप लावून निघून गेले. खरं सांगायचं तर आम्हा दोघांना याचं फार वाईट वाटत नव्हतं. आम्ही सहा वर्षं घर बघत होतो. पोस्टात सोळाशे रुपये जमले होते आणि तेवढ्यात कधीच काही बसत नव्हतं. आता बसायला लागलं होतं. यजमान म्हणत, "अजून थांबू." मीही म्हणे, थांबू.

गल्लीतल्या बायांची एक रीत होती, ती मला फार उशिरा कळली. घरातली ज्वारी संपली, तरी दळणाचा डबा फडक्याने झाकून डोक्यावर घ्यायचा, पिठाच्या गिरणीपर्यंत जायचं, तिथे जरा वेळ उभं राहायचं, आणि तसाच परत आणायचा. डबा रिकामा. पण येता-जाता चार घरांनी पाहिलं की यांच्याकडे दळण झालं. नणंद, जाऊ, शेजारीण, कुणालाही घरातला खडखडाट कळू द्यायचा नाही, हा तिथला नियमच. त्या नियमात केवढा शहाणपणा होता, हे मला तेव्हा कळलं नाही. मला तो खुळेपणा वाटला.

काम कमी झालं तसं व्यापाऱ्याच्या दारात पानांसाठी भांडणं सुरू झाली. हा व्यापारी गल्लीच्या तोंडालाच राहत असे. पन्नाशीचा, सोज्वळ, सगळ्या बाया त्याला अण्णा म्हणत. सकाळी त्याने दार उघडलं की वीस जणींनी एकदम आत घुसायचं आणि हाताला येईल तो भारा ओढायचा. एकदा या रेटारेटीत एक पोटुशी बाई उंबऱ्यावर पडली. मी शाळेत निघाले होते, मीच तिला उठवलं.

"अण्णा, हे काय चाललंय? जरा व्यवस्था लावा की."

"काय लावू, बाई? कुणाचं ऐकतेत का ह्या? म्या एकीला दिलं की दुसरी म्हनती, तिच्याकडं बघून हसला व्हता."

मागून एक जण म्हणाली, "मग हसत जाऊ नका की, अण्णा. तुमच्या हसन्याचा बी भाव उतरलाय आता." सगळ्या हसल्या. पडलेली बाईही हसली.

मी म्हटलं, "पाळी लावा. ज्या घरात कमावतं कुणी नाही त्यांना आधी, मग बाकीच्यांना. यादी करा."

"तुमीच करा की. तुमच्या हातची आसली तर कुनी बोलायचं न्हाय."

मी केली. आठवड्याच्या दोन सुट्ट्या त्यात घातल्या. शाळेतून जुन्या हजेरीचा कोरा कागद आणला, तांबड्या शाईने रकाने आखले: नाव, घरात खाणारी तोंडं, कमावतं माणूस, घर स्वतःचं की भाड्याचं, इतर आधार. मग घरोघर गेले. ज्या बाया सख्ख्या जावेला चूल पेटली नाही हे कळू देत नसत, त्यांनी मला सगळं सांगितलं. शाळेची बाई विचारते, लिहून घेते, म्हणजे काही तरी सरकारी असेल, चांगलंच होईल, असं त्यांना वाटलं असावं. मीही ते खोडून काढलं नाही. त्यामुळे काम लवकर होत होतं.

भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजारणीकडे मी शेवटी गेले. तिच्या नवऱ्याची पाळी बंद झाली तसा तो मुंबईला काम बघायला गेला होता आणि चार महिन्यांत त्याचं एक पत्र आलं होतं. दोन मुली. घर मात्र स्वतःचं, दोन खण आणि पुढे ओसरी. गिरणीच्या पगारातून त्यांनी ते निजामाच्या काळात तिच्या नावावर घेतलं होतं. त्याचा कागद उर्दूत होता आणि तिने तो देवाच्या फळीवर ठेवला होता.

"घर स्वतःचं, असं लिहू ना वहिनी?"

"लिवा की. तेवढंच तर हाय. मोठ्या अक्षरात लिवा."

"आणि कमावतं?"

तिने जरा वेळ पान हातात फिरवलं. "हे लिवायलाच पायजे का?"

"त्याशिवाय तुमचा नंबर वर कसा लागेल?"

"मग लिवा. कुनी न्हाय."

तिचा नंबर दुसरा लागला. पहिला एका म्हाताऱ्या विधवेचा.

यादी चांगली झाली होती. आमच्या आणि शेजारच्या गल्लीतली मिळून सत्तावीस नावं, गरजेच्या क्रमाने, कुणाच्या बापाला शंका काढता येणार नाही अशी. सकाळी मी शाळेआधी दहा मिनिटं व्यापाऱ्याच्या दारात उभी राहून नावं वाचत असे आणि एकेक जण येऊन भारा घेऊन जाई. पंधरा दिवस भांडण झालं नाही. बाया मला वाटेत थांबवून नमस्कार करू लागल्या. मग शाळेची तपासणी आली आणि सकाळी निघणं होईना. अण्णा म्हणाला, "यादी माझ्याकडं ठिवा, बाई. म्या वाचीन." मी दिली.

मी नुसती नावं उतरवून देऊ शकत होते. दहा मिनिटांचं काम. पण तो कागद मी इतका सुबक आखला होता की त्याची नक्कल करावी असं मला वाटलंच नाही. कुणी पाहिला तर बरंच, असंही वाटलं असेल. सगळ्या रकान्यांसकट तो मी त्याच्या हातात दिला.

महिन्याच्या आत यादीतल्या वरच्या नऊ बायांची मजुरी सहा आण्यांवरून चार आण्यांवर आली. फक्त त्यांची. कुणी एकमेकींना सांगितलं नाही, कारण सांगायचं नाही हीच रीत. मग अण्णाने खालच्या बायांना सांगितलं की वरच्या चार आण्यांत करतात, तुम्हाला सहा कुठून देऊ? खालच्या बाया वरच्या बायांशी बोलायच्या थांबल्या. आणखी पंधरा दिवसांत सगळ्यांना चार. मला हे पोटुशी पडली होती त्या बाईने सांगितलं. आता ती बाळंत होऊन उठली होती. "तुमची यादी लई पावली बाई आमाला," असं म्हणून ती पुढे गेली.

मी तशीच अण्णाकडे गेले.

"अण्णा, शेकड्याला सहा आणे ठरले होते."

"ठरले व्हते. पन धंदा कुठं हाय? गोदामात चला, दावतो. गठ्ठे पडलेत, उंदरं खायलेत."

"मग उतरवायचे तर सगळ्यांचे उतरवायचे होते. वरच्या नऊ जणींचेच आधी का?"

"त्या घेतेत म्हनून." तो जराही रागावला नव्हता. "खालच्या बाईला म्या चार म्हनलं तर ती म्हनती, घरी बसते. तिचा नवरा हमाली करतो, तिला बसता येतं. तुमची पयली बाई घरी बसून काय खाईल? तुमीच लिवलंय की, कमावतं कुनी न्हाय."

"मी ते तिला आधी काम मिळावं म्हणून लिहिलं."

"आन् म्या दिलं की आधी. एक दिवस चुकलो आसंल तर सांगा."

"यादी परत द्या."

त्याने लगेच गल्ल्याखालून काढून दिली. "घ्या. आता तशी बी पाठच झालीय."

तो खोटं बोलत नव्हता. चौथा, घराचा रकानाही त्याला पाठ झाला होता. ज्यांच्यापुढे "स्वतःचं" आणि शेजारी "कुणी नाही" असं होतं, अशी चार घरं होती. त्या चारही घरी तो पुढच्या दोन महिन्यांत जाऊन बसून आला. इतर कुठे गेला नाही. पूर्वी घर घ्यायचं तर मध्यस्थ लागत, कोण अडलंय याचा अंदाज घ्यावा लागे, चार ठिकाणी चुकीची विचारणा होऊन अपमान होई. त्याला यातलं काही करावं लागलं नाही. एकेका ओसरीवर बसून तो म्हणे, "बगा, मला घाई न्हाय." त्याला खरंच नव्हती. घाई कुणाला आहे, ते त्याला माहीत होतं.

म्हाताऱ्या विधवेचं घर आठशेला गेलं. तेवढ्यावर गल्लीचा भाव ठरला. शेजारणीला त्याने नऊशे सांगितले, कारण तिला ओसरी होती. ती नको म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या वाट्याची पानं संपू लागली. ती गेली की भारे उरलेले नसत, किंवा उरलेले फाटके असत. वीस-बावीस दिवस तिने असे काढले.

मग एका रविवारी सकाळी ती आमच्याकडे आली. यजमान पेपर वाचत होते. मी चहा ठेवला. तिने बसायच्या आधीच सांगितलं.

"बाई, घर तुमीच घ्या. तुमी घर बघलाव हे मला ठावं हाय. पंधराशे द्या. मला मागल्या खनात भाड्यानं राहू द्या, पोरींची शाळा बुडू नये. अण्णाला द्यायला जीव होत न्हाय माझा."

यजमानांनी पेपर खाली ठेवला. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही, पण दोघांच्याही मनात एकच आकडा होता. आठवडाभर आम्ही त्याच घराबद्दल बोलत होतो.

"पंधराशे फार होतात वहिनी," ते म्हणाले. "आता आठशे-नऊशेचा बाजार आहे."

मी म्हटलं, "हजार देऊ. भाडं घेणार नाही वर्षभर. सध्याच्या भावापेक्षा जास्तच होतंय हे."

"भाव कुनी केला, बाई?"

"बाजाराने केला."

तिला यादीचं माहीत होतं की नव्हतं, मला आजही सांगता येणार नाही. तिने चहा सावकाश संपवला, कप विसळून पालथा घातला.

"म्हंजे तुमी बी तिथंच आलाव," ती म्हणाली. "मग अण्णाचं काय वाईट हाय? तो नऊशे देतो आन् वरसभर पानं देतो म्हनतो. तुमी शंबर वर देताव, पन पानं कुठून देनार?"

हिशोब बरोबर होता. मी असते तर तोच केला असता. पोस्टात सोळाशे होते. पंधराशे देता आले असते आणि शंभर उरले असते. आम्हाला परवडत नव्हतं असं नाही. स्वस्त मिळत असताना महाग का घ्यायचं, एवढंच होतं. यजमानांनी नंतर दोन-तीनदा मला समजावलं की आपण काही चूक केलेली नाही, उलट शंभर जास्त देत होतो. मी हो म्हटलं. हा मुद्दा त्यांनी इतक्यांदा का काढावा, हे मी विचारलं नाही.

अण्णाच्या नावाने विक्रीचा कागद तहसीलसमोरच्या एका म्हाताऱ्या अर्जनवीसाने, म्हणजे अर्ज-कागद लिहून देणाऱ्याने, केला. उर्दू वाचणारा तोच उरला होता. जुनं खरेदीखत त्याने तिला वाचून दाखवलं आणि म्हणाला, "मकान अच्छा लिया था आपके आदमी ने. तब चौदा सौ दिया है, हाली सिक्का." हाली म्हणजे निजामाचे रुपये. तिला तो आकडा त्या दिवशी पहिल्यांदा कळला. साक्षीदार म्हणून अण्णाने कचेरीतल्या ओळखीच्या माणसाला बोलावलं, म्हणजे आमच्या यजमानांना. त्यांनी सही केली. घरी येऊन सांगितलं तेव्हा मी स्वयंपाक करत होते. मी म्हटलं, नाही म्हणायचं होतं. ते म्हणाले, काय कारण सांगून?

वर्षभराचं काम चार महिने टिकलं. मग मजुरी तीन आण्यांवर आली आणि शेजारीण नाल्यापलीकडच्या खोलीत राहायला गेली. धाकट्या मुलीचं नाव शाळेतून कमी करताना रजिस्टरवर रेघ मीच मारली. अण्णाने हाती आलेल्या चारही घरांच्या आतल्या भिंती पाडून यात्रेकरूंसाठी खोल्या काढल्या. पुढे पाऊस नीट झाला, मंगळवारच्या बसगाड्या पुन्हा भरून येऊ लागल्या. घरांचे भाव तर आधी होते त्याच्याही वर गेले. पत्रावळीची मजुरी पाच आण्यांपर्यंत चढली आणि तिथेच थांबली. आम्ही घर घेतलं ते दुसऱ्या गल्लीत, अठ्ठावीसशेला, यजमानांच्या फंडातून पैसे काढून.

शाळेत पाणी भरायला आणि लहान मुलींना घरून आणायला एक बाई नेमायची असं ठरलं तेव्हा मुख्याध्यापिकांनी नावं मागितली. मी त्या जुन्या शेजारणीचं नाव पहिलं घातलं, आणि सांगायला नाल्यापलीकडे गेले. ती दारात पानं पुसत बसली होती. डोळ्यांनी कमी दिसत असावं, कारण काडी पानाला भिडवायच्या आधी ती बोटाने जागा चाचपत होती.

"वहिनी, शाळेत जागा आहे. तुमचं नाव मी लिहून दिलंय."

"कशात?"

"अर्जात. वर जिल्ह्याला जातो तो."

"काय काय लिवलं?"

मी सांगितलं. नाव, वय, कमावतं माणूस नाही, दोन मुली, घर नाही.

तिने काडी तोडली. "खोडा ते, बाई."

"अहो, सरकारी पगार आहे. महिन्याच्या महिन्याला येईल. पोरीला परत शाळेत घालता येईल."

"आसंल. माझं नाव खोडा."

मी अर्धा तास बसले. चार तऱ्हांनी समजावलं. ती टाचत राहिली आणि मधेच एकदा म्हणाली, "ऊन व्हतंय बाई, तुमी निघा." दुसऱ्या दिवशी मी नाव खोडलं. ती जागा अणदूरकडून आलेल्या एका बाईला मिळाली, आणि ती अजून आमच्या शाळेत आहे.